पिंड सुटला, सोयरीक सुटली नाही

'सबर बोंड' बघितला का, असं मी चळवळीतल्या पोरांना विचारत सुटलोय. बहुतेकजण विचारतात, कशावर आहे? सांगितलं की हसतात. एकजण म्हणाला, "साल्या, भाकरीचं बोल. हे चोचले मलबार हिलवाल्यांचे." माझं भांडण त्या हसण्याशी आहे. सिनेमावर लिहीनच, पण हसणं डोक्यात ठेवून.

रोहन परशुराम कानवडे या दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा सिनेमा. बाप ड्रायव्हर, पोरगा मुंबईच्या झोपडपट्टीत एका खोलीत वाढलेला. म्हणजे मलबार हिलचा मुद्दा इथंच निकालात निघाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात सिनेमाला परदेशी कथापटांसाठीचं ज्युरीचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. त्या महोत्सवात गेलेला हा पहिला मराठी कथापट. मराठी माणसाची छाती फुगली. मग सिनेमा कशावर आहे ते कळलं आणि छाती जरा खाली बसली. १९ सप्टेंबर २०२५ ला तो आपल्याकडं थेटरात लागला. किती जणांनी बघितला, विचारू नका.

गोष्ट एवढीशी. आनंद मुंबईत कॉल सेंटरला कामाला. तिशीतला, बिनलग्नाचा. बाप मरतो. आईबरोबर गावी जाऊन दहा दिवस सुतक पाळावं लागतं. गाव कोरडं, माळरानाचं. पायात चप्पल नको, हे खाऊ नको, तिकडं जाऊ नको, अशी नियमांची यादी भावकी त्याच्यापुढं ठेवते. आणि यादी संपली की दुसरा विषय सुरू : पोराचं लग्न कधी? अजून बापाची राख थंड नाही. तिथंच त्याला बाळ्या भेटतो, लहानपणचा दोस्त. शेतात राबणारा, शेरडं राखणारा. त्याच्याही मानेवर तेच जू ठेवायला घरचे टपलेले. दोघं भेटतात, माळावर बसतात, फार बोलत नाहीत. बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची बोंडं घेऊन येतो.

ज्यांनी गाव बघितलंय त्यांना सबराचं बोंड माहीत असेल. दुष्काळात सगळं करपतं तेव्हा बांधावर हेच लालभडक टिकून असतं. मोठे काटे दिसतात, त्यांचं काही नाही. वाईट असतात ती बारीक कुसळं. डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेत, बोटात घुसली की दोन दिवस निघत नाहीत. मातीवर घासघासून, फडक्यानं पुसून मग खायचं. एका माणसानं दुसऱ्यासाठी ती कुसळं काढलेली आहेत, एवढंच सिनेमा सांगतो. पार्श्वसंगीत नाही, व्हायोलिन नाही, भाषण नाही. वारा, पाखरं, शेरडांचा आवाज. आमच्या पोरांना सवय पडलीय ढोल-ताशाच्या सिनेमाची. त्यांना कंटाळा येईल. येऊ द्या. सुतकाचे दहा दिवस कंटाळवाणेच असतात.

आता कर्तव्याचं बोलू. आनंद पोरगा आहे म्हणून त्याला तिथं उभं राहावं लागतं. पोरगा पाणी देणार, पोरगा पिंड ठेवणार, कावळा शिवणार. आणि त्या पोराला पुढं पोरगा पाहिजे, नाहीतर ह्याला पाणी कोण देणार? सुतक आणि लग्न ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. दहाव्याला जमलेली भावकी पोरी सुचवायला लागते त्यात आगंतुक काही नाही, तिचं ते कामच आहे. मेलेल्याची जागा भरून काढायची. खातं रिकामं ठेवायचं नाही.

हे कुणी सांगितलं? ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कात कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरानं जातीवर निबंध वाचला. त्याच्या नावानं जयंतीला बँजो लावणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचलाय? बाबासाहेब म्हणतात, जातीचा जीव एकाच गोष्टीत आहे : जातीतल्या जातीत लग्न. त्यासाठी जातीला बायामाणसांचा हिशेब जुळवावा लागतो. जोडीतलं एक मेलं की दुसरं जादा होतं. जादा झालेली बाई जाळा, नाहीतर विधवा करून कोपऱ्यात बसवा. जादा झालेल्या पुरुषाला मात्र बसवून ठेवणं परवडत नाही, म्हणून त्याला अजून न्हातीधुती न झालेली पोरगी द्या. सती, वैधव्य, बालविवाह हे सगळे ह्या हिशेबाचे शिलकी आकडे. धर्म नंतर आला, त्यावर फुलं वाहायला.

ह्या वहीत आनंद कुठं बसतो? कुठंच नाही. तो विधुर नाही, संन्यासी नाही, भिकारी नाही. धडधाकट आहे, कमावतो, आणि पोरगी नको म्हणतो. जातीच्या कारकुनाला ह्याचा रकानाच नाही. म्हणून त्याला मार पडत नाही इतका प्रश्न पडतो. आत्या विचारते, मामा विचारतो, चुलता विचारतो. लग्न, लग्न, लग्न. चहाच्या कपागणिक. ही चौकशी प्रेमाची असते असं आपण समजतो. असतेही. त्या प्रेमातच पहारा आहे.

आता म्हणाल, हे हिंदूंच्या घरचं. आमचं काय? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या आज्यानं-बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यात श्राद्धपक्ष, पिंडदान सोडलं. सोडलं ते सोडलं, आजही आपल्या घरात कावळ्याची वाट कुणी बघत नाही, ह्याचा मला अभिमान आहे. पण पिंड ज्याच्यासाठी ठेवायचा तो वंश सोडला का? एखाद्या वधूवर मेळाव्याला जाऊन बसा. स्टेजवर बुद्ध, बाजूला बाबासाहेब, आणि खाली फॉर्मवर पोटजातीचा रकाना. वंदना म्हणून झाली की पोटजात विचारायची. मग सरकारी नोकरी, मग स्वतःचा फ्लॅट, मग रंग. पिंड सुटला दोस्तांनो, सोयरीक सुटली नाही.

आणि त्या मेळाव्यात एक पोरगा मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला असतो. बापानं आणलेला. त्याच्याजवळ कारणांचा साठा असतो. नोकरी पक्की नाही. आधी बहिणीचं होऊ द्या. एमपीएससी देतोय. घर दुरुस्तीचं कर्ज आहे. सिनेमातसुद्धा आनंदला नातेवाइकांपुढं टाकायला एक कारण तयार ठेवावं लागतं. कारणं पंचविशीपर्यंत पुरतात, तिशीपर्यंत ताणता येतात. मग आई आजारी पडते, किंवा पडल्यासारखं करते, आणि पोरगा बोहल्यावर चढतो.

तो बोहल्यावर चढला की सगळ्यांची सुटका झाली असं मानतात. खोलीचं दार लावून घेतात. पण त्या खोलीत दुसरं एक माणूस आहे की नाही? ती पोरगी. तिच्या बापानं कर्ज काढून मांडव घातला. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. ती वर्षभर आरशात बघून विचारते, माझ्यात काय कमी आहे? सासू दुसऱ्या वर्षी तिलाच डॉक्टरकडं नेते. वांझ कोण? ती. पांढऱ्या पायाची कोण? ती. आपण बाईच्या मुक्तीवर ठराव करतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली म्हणून दर डिसेंबरात कार्यक्रम घेतो. आणि कर्तव्य म्हणून एका पोराला खोटं बोलायला लावून एका पोरीचं आख्खं आयुष्य त्यात पेटवून देतो. पोराला 'आपल्यात असलं चालत नाही' म्हणून दम देणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यानं ह्या पोरीचं तोंड डोळ्यासमोर आणावं. 'सबर बोंड'चा मोठेपणा मला इथं दिसतो. आनंद आणि बाळ्या अडून बसतात तेव्हा ते दोन अनोळखी पोरींनाही वाचवत असतात. सिनेमात कुणी हे बोलून दाखवत नाही, म्हणून मी दाखवतो.

आता त्या भाकरीवाल्या दोस्ताकडं वळू. तो म्हणतो, आधी पोटाचं, मग हे. बरं. १९३४ साल घेऊ. पुणे करार होऊन दोन वर्षंसुद्धा झालेली नाहीत. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून चाललेला. गोलमेज परिषदांची धूळ अजून अंगावर. बाबासाहेबांना श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि त्याच साली मुंबईत र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला उभा राहतो. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, कर्वे शास्त्राच्या आधारानं उत्तरं द्यायचे. समसंभोगावरचे प्रश्नही त्यात होते. सनातन्यांना झोंबलं. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. अशा विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, वाचक विचारतात म्हणून उत्तर द्यायचं असतं, ही बाजू त्यांनी मांडली. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला.

बाबासाहेब तेव्हा म्हणाले नाहीत की आधी चवदार तळ्याचं मिटू दे, मग तुझं बघतो. अस्पृश्याचं पाणी आणि एका चक्रम ब्राह्मणाचं मासिक, दोन्ही त्यांनी एकाच हातानं धरलं. आणि आपण त्यांचे वारस, एका सिनेमाचं नाव ऐकून फिदीफिदी हसतो.

शिवाय भाकरी आधी आणि प्रेम नंतर, हे वेळापत्रक कुणी छापलं? बाळ्याच्या घरी काय दूधतूप वाहतंय? उपाशी पोटी माणूस प्रेम करत नाही असं ज्याला वाटतं त्यानं वस्तीत एक रात्र काढावी. गरिबाला प्रेमाची कमतरता कधीच नव्हती, त्याला जागा नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं. पैसेवाल्याचं लपलेलं प्रेम फ्लॅटच्या दाराआड लपतं, त्याला कुलूप असतं. आमच्यातल्या पोराचं प्रेम लपायला रेल्वेचा पूल, बागेचा अंधारा कोपरा, सार्वजनिक मुतारी. तिथं हवालदार येतो. कॉलर धरतो. खिशातले असतील नसतील तेवढे काढून घेतो आणि वर बापाला फोन लावायची धमकी देतो.

कायदा बदलला ना, असं कुणी म्हणेल. बदलला. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ चा तो भाग रद्द केला. १८६० सालच्या इंग्रजाच्या दंडसंहितेतलं कलम, गोरा गेला तरी सत्तर वर्षं आपण सांभाळलं. १ जुलै २०२४ ला नवी न्यायसंहिता आली, त्यात ते कलम नाहीच. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टानं अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, हे संसदेनं बघावं म्हणाले. हवालदाराला ह्या तारखा पाठ नाहीत. मामाला तर नाहीतच. कोर्टाचा निकाल वस्तीच्या नाक्यापर्यंत येतो, उंबऱ्याच्या आत येत नाही. ते आपलं आपल्यालाच करावं लागेल.

ह्याचा अर्थ असा नाही की इंद्रधनुष्याचा झेंडा हातात घेतलेला प्रत्येकजण आपला भाऊ. मे २०१५ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी पेपरात एका आईनं आपल्या मुलासाठी नवरा पाहिजे अशी जाहिरात दिली. अशी पहिलीच जाहिरात. धाडसाचं काम, त्या बाईला सलाम. पण खाली काय? मुलगा शाकाहारी असावा, जातीची अट नाही, मात्र अय्यर असल्यास बरं. नंतर सांगितलं गेलं की ती ओळ गमतीत होती. असेल. पण गंमत करायची झाली तरी जातच आठवावी ना! पुरुषानं पुरुषाशी लग्न केलं, सगळं उलटंपालटं झालं, आणि जात मात्र ताटावर बसून राहिली.

हे नीट बघायचं असेल तर नीरज घायवानची 'गीली पुच्ची' बघा, २०२१ ची, 'अजीब दास्तान्स' नावाच्या सिनेमातली एक गोष्ट. भारती मंडल कारखान्यात मशीनवर राबते. दलित आहे. ऑफिसातल्या टेबलाची नोकरी मागते, ती मिळते प्रिया शर्माला. प्रिया लग्न झालेली, बामणाची सून, आणि तिचं मन बाईत. दोघी जवळ येतात. भारतीनं आपलं आडनाव बॅनर्जी सांगितलेलं असतं. खरं नाव कळल्याबरोबर प्रियाचं प्रेम आक्रसतं. एकाच बाईला दोन गोष्टी लपवाव्या लागतात, आणि त्यातली जात ही प्रेयसीपासून लपवावी लागते. शेवटी प्रियाच्या घरी भारतीपुढं चहा येतो तो वेगळ्या स्टीलच्या कपात. भारती तो चहा पिते, आणि नोकरीही घेते. हे बघून मी टाळ्या वाजवल्या, मग जरा गप्प झालो. कारण तिनं जिंकायला वापरलं काय? तर प्रियाचं सासर, प्रियाचं बाळंतपण. पुन्हा तेच कुटुंब, तेच कर्तव्य. घायवानला हे माहीत आहे, म्हणून तो गोड शेवट करत नाही. २०१५ मध्ये दिल्लीच्या प्राईड मोर्चात काही तरुणांनी आपण दलितही आहोत आणि समलिंगीही, असं भर रस्त्यात सांगितलं. त्या धाडसाला दोन्हीकडून मार होता. तिकडचे म्हणणार, इथं जात कशाला आणता? इकडचे म्हणणार, जातीत हे कशाला आणता?

इकडचे म्हणजे आपण. आपल्या स्टेजवर माईक हातात आला की पहिली शिवी कोणती? 'छक्के'. सरकार छक्क्यांचं, पोलीस छक्के, विरोधक हिजड्याची औलाद, मंत्र्याला बांगड्या पाठवा. टाळ्या पडतात. ह्या शिवीचा मंत्र्याला ओरखडाही उठत नाही. ती लागते गर्दीत तिसऱ्या रांगेत निळा रुमाल बांधून उभ्या असलेल्या आपल्याच पोराला. तो टाळी वाजवतो, कारण न वाजवली तर शेजारचा बघेल. 'महारडा' हा शब्द शिवी म्हणून ज्यांच्या कानात ओतला गेला, त्यांना हे समजावून सांगायला लागावं?

आणि समजणारे आपल्यातच आहेत, हे ह्या सिनेमानं मला ठामपणे दाखवलं. आनंदच्या आईला माहीत आहे. बापालाही माहीत होतं. त्यांच्याकडं इंग्रजी शब्द नाहीत, समुपदेशक नाही, एनजीओचं पत्रक नाही. पोरगा आपला आहे एवढं माहीत आहे. दिग्दर्शकानं मुलाखतीत सांगितलंय की त्याच्या स्वतःच्या आईबापानंही त्याला असंच आपलं म्हटलं. मराठीत हा विषय पूर्वी आला तो बहुतेक पांढरपेशा घरात. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं, कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' कादंबरी २००६ ची. त्या लिहिणाऱ्यांनी हिंमत केली, नाकारत नाही. पण त्यामुळं समज असा पसरला की असलं प्रेम आणि असलं समजून घेणं, दोन्ही शिकल्यासवरल्यांची मिरास. झोपडपट्टीतला ड्रायव्हर म्हणजे अडाणी, तो पोराला बडवणारच. हा समज आपणही गिळला. जयश्री जगताप ह्या बाईनं उभी केलेली आई बघा. नवरा गेलाय, भावकीच्या बायका भोवती बसल्यात, आणि त्या गराड्यात ती पोराला पाठीशी घालते. तिला क्रांतिकारक म्हणायचं कुणाच्या मनात येणार नाही.

सिनेमाशी माझी एक तक्रार आहे. तो बहुतेक गावातच राहतो. माळ मोठा, आभाळ मोठं, दोघांना बसायला झाड आहे. गावातला मार मात्र त्यात फारसा नाही. नागराजच्या 'सैराट'नं २०१६ साली पांढऱ्या फरशीवर रक्ताची पावलं उमटवली, ती डोळ्यात घेऊन आपण बसलेलो असतो, आणि इथं कुणी कुऱ्हाड उचलत नाही. आधी मला हे पळपुटेपण वाटलं. मग वाटलं, दर वेळी आमच्या प्रेमाचं मढंच का दाखवायचं? एकदा तरी त्यांना जिवंत बसू दे. पण मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन पुरुषांनी संसार मांडायचा, खाली पाण्याच्या नळावर रांग, शेजारीण विचारते हा कोण, भाडेकरार कुणाच्या नावावर, एकजण आजारी पडला तर दवाखान्यात सही कोण करणार, तो सिनेमा मला बघायचाय. तो कानवड्यांनी काढावा, नाहीतर आपल्यातल्या कुणी काढावा.

तोवर हा दाखवू. रीतसर परवानगी काढू, वर्गणी काढू. विहारात पडदा आहे, प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. जयंतीच्या आठवड्यात एक रात्र डीजे बंद ठेवायचा आणि त्या पैशात हे बसतं. पुढच्या सतरंजीवर आयांना बसवा, त्यांना आधी कळेल. पोरं मागं उभी राहून शिट्ट्या मारतील, मारू द्या. सिनेमा संपल्यावर चर्चा ठेवू नका, माईक तर अजिबात देऊ नका. चहा ठेवा. मागच्या खुर्चीतला तो पोरगा निघून न जाता चहाला थांबला, तर त्याला लग्नाचं काही विचारू नका.